खण, पत्रा आणि कुटुंब : आटोपशीर औद्योगिक घराची रचना

औद्योगिक घर ही संज्ञा आज बहुतेक वेळा घराच्या केवळ दिसण्यासाठी वापरली जाते. गिलावा न केलेली विटांची भिंत, काळ्या रंगाच्या लोखंडी चौकटी, छताखालून उघडे जाणारे नळ आणि सिमेंटची घोटीव जमीन एवढे जमले की घर औद्योगिक झाले, असा समज सजावटीच्या व्यवसायाने रूढ केला आहे. वास्तुकलेच्या इतिहासात या कल्पनेचा अर्थ याहून खोल आहे. कारखान्यात ठरावीक मापांत तयार झालेले भाग जागेवर आणून जोडायचे, घराचा भार भिंतींऐवजी हलक्या सांगाड्यावर पेलायचा, आणि त्यातून वाचलेली जागा, वेळ व पैसा राहणाऱ्या माणसांच्या उपयोगी लावायचा, असा तो अर्थ आहे. लहान जागेत राहणाऱ्या कुटुंबाला या विचारातून काय मिळते आणि त्यासाठी कोणती किंमत मोजावी लागते, हे समजून घेण्यासाठी विसाव्या शतकातील तीन घरे विशेष उपयोगी पडतात. लॉस एंजेलिसमधील ईम्स दांपत्याचे, लंडनमधील हॉपकिन्स कुटुंबाचे आणि फ्रान्समधील बोर्दो शहरालगतचे लाटापी कुटुंबाचे अशी ती घरे आहेत.

सांगाडा आणि भिंत

घराचा भार जमिनीपर्यंत पोचवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात छताचे आणि मजल्याचे वजन भिंतीच वाहतात, त्यामुळे त्या जाड ठेवाव्या लागतात, त्यांना मोठी भगदाडे पाडता येत नाहीत आणि एकदा बांधल्यावर त्या हलवताही येत नाहीत. दुसऱ्या मार्गात हे काम खांब आणि तुळया करतात, आणि भिंतीकडे केवळ ऊन, पाऊस व नजर अडवण्याचे काम उरते. महाराष्ट्राला हा दुसरा मार्ग नवा नाही. वाड्यांमध्ये लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा आधी उभा राहत असे, दोन खांबांमधील अंतराला खण म्हणत आणि घराचा विस्तार किती खणांचा यावरून सांगत. औद्योगिक घराच्या आराखड्यातही सारख्या अंतराच्या खांबांची जी जाळी आखली जाते, तिचे एकक हा खणच असतो. फरक इतकाच की लाकडाच्या जागी पोलाद येते आणि सुताराच्या हातमापाच्या जागी कारखान्याचे माप येते.

कारखान्यात बनलेले घरबांधणीचे सामान भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकातच पोचले होते. मुंबईच्या काळा घोडा भागात १८६० च्या दशकात उभ्या राहिलेल्या वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणला गेला आणि येथे जोडला गेला. कोकण व गोव्यातील घरांची ओळख बनलेले मंगळुरी कौलसुद्धा कारखान्याचेच अपत्य आहे, कारण बासेल मिशनने मंगळूर येथे १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढल्यानंतर एकाच मापाची, एकमेकांत अडकणारी ही कौले किनारपट्टीवर पसरली. आज परंपरेचे वाटणारे हे छप्पर त्या काळचे औद्योगिक छप्पर होते, ही गोष्ट कारखान्यातील मालाकडे परका म्हणून पाहणाऱ्या दृष्टीला दुरुस्त करणारी आहे.

लहान घरात सांगाड्याचा फायदा साध्या हिशेबाने दाखवता येतो. बाहेरून २० फूट रुंद आणि ३० फूट लांब असे घर घेतले, तर त्याचे एका मजल्याचे बाह्य क्षेत्रफळ ६०० चौरस फूट होते. बाहेरच्या भिंती ९ इंच जाडीच्या केल्या तर आत सुमारे ५२७ चौरस फूट उरतात, आणि सांगाड्यात बसवलेल्या ४ इंच जाडीच्या भिंती केल्या तर सुमारे ५६७ चौरस फूट उरतात. हा चाळीस चौरस फुटांचा फरक एका न्हाणीघराएवढा आहे, आणि आतल्या भिंतींचा हिशेब धरला तर तो आणखी वाढतो.

ईम्स घर : लोखंड तेवढेच, अवकाश अधिक

दुसरे महायुद्ध संपत आले असताना अमेरिकेत घरांची मोठी टंचाई होणार हे स्पष्ट दिसत होते. ‘आर्ट्स अँड आर्किटेक्चर’ या मासिकाचे संपादक जॉन एन्टेन्झा यांनी जानेवारी १९४५ मध्ये ‘केस स्टडी हाउस’ नावाचा उपक्रम जाहीर केला आणि युद्धकाळात विकसित झालेली सामग्री व तंत्रे वापरून सामान्य कुटुंबांना परवडतील अशा घरांचे नमुने वास्तुकारांकडून मागवले. या मालिकेतील आठव्या क्रमांकाचे घर चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याचे स्वतःचे होते. चार्ल्स ईम्स आणि वास्तुकार एरो सारिनेन यांनी केलेल्या पहिल्या आराखड्यात ते उतारावरून पुलासारखे बाहेर झेपावून खालच्या कुरणावर तरंगणार होते. युद्धोत्तर टंचाईमुळे लोखंड यायला १९४८ साल उजाडले आणि तोपर्यंत जागेवर वारंवार जाणाऱ्या ईम्स दांपत्याला ते कुरण मोकळेच राहावे असे वाटू लागले. पुलाच्या रचनेत खूप लोखंड वापरून थोडाच अवकाश झाकला जातो, हेही त्यांच्या लक्षात आले होते.

नव्या आराखड्यात घर टेकडीच्या कुशीत, निलगिरीच्या झाडांच्या रांगेमागे सरकले, आणि मागवून ठेवलेल्या लोखंडात किरकोळ भर घालून पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा अवकाश बंदिस्त करता आला. उताराची माती धरण्यासाठी सुमारे ८ फूट उंच आणि २०० फूट लांब अशी काँक्रीटची भिंत बांधली गेली आणि तिला लागून सुमारे १,५०० चौरस फुटांचे घर, मध्ये अंगण आणि पलीकडे सुमारे १,००० चौरस फुटांची कार्यशाळा अशी मांडणी झाली. साधारण साडेसात फुटी खण, २० फूट रुंदी आणि १७ फूट उंची ही मापे दोन्ही इमारतींना सारखी ठेवली गेली. खांब, जाळीदार तुळया आणि खिडक्या यांतले बहुतेक भाग कारखाने व गोदामांसाठी छापलेल्या मालयादीतून निवडलेले होते. जाळीदार तुळई म्हणजे वरची व खालची पट्टी तिरप्या सळ्यांनी जोडून केलेली तुळई. ती भरीव तुळईपेक्षा बरीच हलकी असते आणि तिच्या पोकळीतून नळ व तारा नेता येतात.

पाच माणसांनी सोळा तासांत हा सांगाडा उभा केला, अशी नोंद या घराच्या प्रत्येक वर्णनात आढळते, आणि ती खरीही आहे. परंतु ईम्स दांपत्य राहायला आले ते डिसेंबर १९४९ मध्ये. सांगाडा झपाट्याने उभा राहतो आणि नंतरची कामे, म्हणजे काच व फळ्या बसवणे, सांधे पाणबंद करणे, तारा आणि नळ लपवणे, ही बहुतेक सारा वेळ खातात, ही बाब औद्योगिक घर बांधू पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आधीच ध्यानात घेतली पाहिजे.

या घराचा मोठेपणा त्यातल्या ऊबदारपणात आहे. दोन मजल्यांइतक्या उंच बैठकीत लाकडी फळ्यांची भिंत आहे, काळ्या लोखंडी चौकटीत पांढरे, निळे, लाल तक्ते आहेत, आणि जगभरातून गोळा केलेल्या बाहुल्या, चटया, कुंड्या व पुस्तके यांनी तो अवकाश भरलेला आहे. सांगाडा इतका नियमित असल्यामुळेच त्याच्या आत माणसांचा पसारा शोभून दिसतो. चार्ल्स १९७८ मध्ये आणि रे १९८८ मध्ये वारली, तोपर्यंत त्यांनी हे घर सोडले नाही. याच दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर हिंडून एक अहवाल सादर केला, त्यात रोजच्या वापरातल्या लोट्याच्या घडणीचे विस्तृत विवेचन केले, आणि त्या अहवालाच्या आधारे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. कारखान्याच्या मालयादीतून घर उभे करणाऱ्यांना लोट्यातही तीच काटकसर दिसावी, हे त्यांच्या विचाराशी सुसंगतच होते.

हॉपकिन्स घर : मुलेबाळे आणि कार्यालय एकाच जाळीत

लंडनमधील हॅम्पस्टेड भागात डाउनशायर हिल नावाचा जुन्या, देखण्या घरांचा रस्ता आहे. तेथे मायकेल आणि पॅटी हॉपकिन्स या वास्तुकार दांपत्याने १९७६ मध्ये स्वतःसाठी, तीन मुलांसाठी आणि आपल्या नव्या व्यवसायासाठी पोलाद व काचेचे दुमजली घर पूर्ण केले. सुमारे १२ मीटर बाय १० मीटर जागेवरच्या दोन मजल्यांत घर आणि कार्यालय दोन्ही बसवायचे होते. जमीन रस्त्यापेक्षा खाली असल्यामुळे एका लहान पुलावरून थेट वरच्या मजल्यावर प्रवेश होतो, रस्त्यावरून घर एकमजली दिसते आणि शेजारच्या जुन्या घरांवर ते कुरघोडी करत नाही.

या घरातील महत्त्वाचा निर्णय खणाच्या मापाचा आहे. कारखान्यात यंत्रे आणि वाहने फिरवायची असल्याने खांब दूर दूर ठेवतात आणि त्यामुळे तुळया अवजड होतात. हॉपकिन्स दांपत्याने ४ मीटर बाय २ मीटर असा लहान खण घेतला, त्यामुळे प्रत्येक खांबावर आणि तुळईवर येणारा भार कमी झाला, सारे भाग सडपातळ झाले आणि खोलीत उभ्या राहणाऱ्या माणसाच्या अंगलटीला साजेशी मापे मिळाली. औद्योगिक पद्धत वापरायची म्हणजे कारखान्याचे प्रमाणही उचलायचे असे नव्हे, हा धडा लहान घरासाठी फार मोलाचा आहे. पुढची व मागची बाजू पूर्ण काचेची, दोन्ही कडेच्या भिंती पन्हळी धातूच्या आणि मधोमध गोल जिना एवढीच या घराची स्थिर रचना आहे. बाकीच्या जागेचे विभाग हलक्या तयार तक्त्यांनी आणि छतापासून जमिनीपर्यंत सोडलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्यांनी केले गेले, त्यामुळे व्यवसायाला जागा लागली किंवा मुले वाढली, तशी खोल्यांची मांडणी बदलता आली.

या मोकळेपणाला किंमतही आहे. पडदा नजर अडवतो, आवाज अडवत नाही. म्हणून अभ्यास करणारे मूल, झोपलेले आजोबा आणि स्वयंपाकघरातील कुकर एकाच मोकळ्या जागेत असतील, तर पहिल्या काही दिवसांचे कौतुक लवकर ओसरते. आटोपशीर घरात सर्व जागा मोकळी ठेवण्याऐवजी एक-दोन खोल्या दाट, आवाज शोषणाऱ्या भिंतींच्या करून उरलेली जागा मोकळी ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

लाटापी घर : खर्च कमी, जागा दुप्पट

अ‍ॅन लाकातों आणि जां-फिलिप वासाल या वास्तुकारांनी बोर्दोलगतच्या फ्लोइराक या गावी १९९३ मध्ये पूर्ण केलेल्या घरात औद्योगिक पद्धतीचा सर्वांत उदार उपयोग दिसतो. लाटापी कुटुंबाचे अंदाजपत्रक बेताचे होते आणि नेहमीच्या पद्धतीने बांधले असते तर त्यात लहानसेच घर झाले असते. वास्तुकारांनी पोलादी सांगाड्याची एक साधी मोठी पेटी उभी केली, रस्त्याकडची अर्धी बाजू सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांनी आणि बागेकडची अर्धी बाजू पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक पत्र्यांनी मढवली. पॉलिकार्बोनेट हे शेतीच्या हरितगृहांत वापरले जाणारे, काचेहून हलके आणि सहसा न फुटणारे प्लास्टिक आहे. अपारदर्शक बाजूच्या आत लाकडी, उष्णतारोधक खोल्या बसवल्या, आणि थंडीत फक्त तेवढ्याच खोल्या गरम ठेवायच्या अशी योजना केली. पारदर्शक बाजू पूर्वेला आहे. तिथे सकाळचे ऊन शिरून हवा तापते, आणि उन्हाळ्यात मोठी दारे उघडून ती हवा बाहेर सोडता येते.

या रचनेमुळे कुटुंबाला सुमारे १८५ चौरस मीटर जागा मिळाली. त्यातल्या पारदर्शक, हरितगृहासारख्या भागाला ठरावीक नाव किंवा काम नाही. तिथे जेवता येते, कपडे वाळवता येतात, मुलांना खेळता येते. महाराष्ट्रातील घरांची पडवी आणि ओसरी हेच काम करीत आली आहे, कारण ती घराइतकी बंदिस्त नसते, तरी पावसापासून आडोसा देते, आणि बांधायला स्वस्त पडते. वासाल यांनी १९८० च्या दशकात नायजर या आफ्रिकी देशात काही वर्षे काम केले होते, आणि अगदी तुटपुंज्या साधनांतून सावली व वारा मिळवण्याची तिथली रीत त्यांच्या विचारात मुरलेली होती. लाकातों आणि वासाल यांना २०२१ मध्ये वास्तुकलेतील प्रिट्झकर पुरस्कार मिळाला, तेव्हा हरितगृहाच्या तंत्रातून साधलेली ही मोकळी जागा त्यांच्या कामाचा आरंभबिंदू म्हणून गौरवली गेली.

ऊन, पाऊस, वारा आणि आग

हे तिन्ही नमुने समशीतोष्ण हवेतील आहेत. विदर्भातील ४५ अंशांचा उन्हाळा, कोकणातला खारा वारा आणि घाटमाथ्यावरचा पाऊस यांच्यापुढे तीच रचना जशीच्या तशी टिकणार नाही, त्यामुळे पोलाद आणि पत्रा यांचे गुणदोष नीट समजून घ्यावे लागतात.

पहिला प्रश्न उष्णतेचा आहे. पोलादातून उष्णता काचलोकरीच्या तुलनेत हजारपटीहून अधिक सहज वाहते, आणि अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा जाड भिंतीप्रमाणे उष्णता साठवून ती उशिरा आत सोडू शकत नाही, म्हणून ऊन पडताच पत्र्याचे घर तापते आणि सूर्य मावळताच निवते. यावर उपाय तीन पदरी आहे. छताचा रंग फिका ठेवून ऊन परतवायचे, दोन पत्र्यांमध्ये फोम किंवा काचलोकर भरलेले तयार तक्ते वापरून आत येणारी उष्णता अडवायची, आणि छताच्या सर्वांत उंच भागात झडपा ठेवून वर चढलेली गरम हवा बाहेर काढायची. आतला खांब बाहेरच्या तुळईशी थेट जोडला असेल, तर उष्णता त्या जोडावाटे रोधक थराला वळसा घालून आत येते. यालाच उष्णतासेतू म्हणतात, आणि पावसाळ्यात किंवा थंडीत अशाच ठिकाणी वाफ साचून पाण्याचे थेंब धरतात व गंजाला सुरुवात होते.

पोलाद तापल्यावर लांबते, त्याचीही सोय ठेवावी लागते. १२ मीटर लांबीची तुळई ३० अंशांनी तापली तर सुमारे ४ मिलिमीटरने वाढते, आणि ही वाढ सामावणारा सांधा नसेल तर काच तडकते किंवा गिलाव्याला भेग पडते. गंज रोखण्यासाठी पोलादावर जस्ताचा लेप देतात. ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते आणि लोखंडाला काही काळ राखते. समुद्राजवळ मात्र जाड लेप, वरून रंग आणि पाणी न साचणारे जोड या तिन्हींची गरज असते. हलक्या छताला वाऱ्याचा धोका वरून दाबण्याचा कमी आणि उचलण्याचा अधिक असतो, कारण छतावरून वेगाने जाणारा वारा वर खेचणारा दाब निर्माण करतो. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळात घरोघरचे पत्रे उडाले, त्यामागे हेच कारण होते. म्हणून पत्रा पर्लिनला, म्हणजे त्याखालच्या आडव्या पट्टीला, पर्लिन तुळईला, तुळई खांबाला आणि खांब पायाला अशी बांधणीची साखळी कुठेही तुटता कामा नये.

आगीबद्दलचा समजही तपासून घेतला पाहिजे. पोलाद जळत नाही, परंतु ५५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची जवळपास निम्मी ताकद निघून जाते, आणि घरातील आग ही मर्यादा लवकर गाठू शकते. त्यामुळे झोपण्याच्या खोल्यांखालचे आणि जिन्याजवळचे खांब जिप्समच्या तक्त्यांनी मढवणे किंवा उष्णतेने फुगून थर धरणारा रंग देणे आवश्यक असते. लोखंड उघडे दिसावे म्हणून ही काळजी टाळणे हा कुटुंबाच्या जिवाशी केलेला अक्षम्य हलगर्जीपणा आहे.

आराखड्याचा क्रम

महाराष्ट्रात या पद्धतीसाठी लागणारे कसब सहज मिळते. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींभोवती शेड उभारणारे फॅब्रिकेटर, वेल्डर आणि पत्र्याचे कारागीर तयार झाले आहेत, आणि त्यांना कारखान्याच्या छताची कैची जशी जमते तशी घराचीही जमते. उणीव असते ती आधीच पूर्ण केलेल्या आराखड्याची. विटांच्या कामात इंच-दोन इंचांची चूक गिलाव्याखाली झाकता येते, पण पायात रोवलेले बोल्ट थोडेसे जरी हुकले तरी कारखान्यातून आलेला खांब बसत नाही. त्यामुळे विजेच्या बटणांपासून सांडपाण्याच्या नळापर्यंतचे सारे निर्णय लोखंड कापण्यापूर्वी घ्यावे लागतात.

त्यातला पहिला निर्णय खणाचा असतो. पोलादी पोकळ नळ्या साधारणपणे ६ मीटर लांबीच्या मिळतात आणि प्लायवुडचे तक्ते ८ फूट बाय ४ फुटांचे असतात, म्हणून जे सामान सर्वांत अधिक लागणार आहे त्याच्या मापाला खण जुळवला तर कापाकापी आणि नासधूस कमी होते. दुसरा निर्णय ओल्या भागाचा असतो. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालय एकाच खणात किंवा वरखाली ठेवले तर नळ आखूड होतात, गळती शोधणे सोपे जाते आणि बाकीचे सर्व खण कोरडे व बदलते राहतात. तिसरा निर्णय जिन्याचा. गोल जिना दीड मीटर व्यासात बसतो आणि जागा वाचवतो, पण त्यावरून कपाट नेता येत नाही आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो रोज चढवत नाही; तळमजल्यावर झोपण्याची एक खोली आणि न्हाणीघर असेल तरच तो स्वीकारावा, नाहीतर सरळ जिन्याला जागा द्यावी आणि त्याखाली साठवण करावी. चौथा निर्णय उंचीचा असतो. लहान घर मोकळे वाटावे म्हणून बैठकीचा एखादा खण दुप्पट उंच ठेवणे आणि उरलेल्या खणांवर पोटमाळा घालणे, ही ईम्स घरातली युक्ती उष्ण प्रदेशातही चालते, मात्र त्या उंच खणाच्या माथ्यावर हवा जाण्याची वाट असलीच पाहिजे. पाचवा निर्णय पडवीचा. बांधकामाच्या पैशातला थोडा भाग काढून दक्षिण किंवा पश्चिम बाजूला स्वस्त, सावलीचा, अर्धा उघडा खण जोडला, तर आतल्या भिंती तापत नाहीत आणि कुटुंबाला वर्षातले आठ महिने वापरता येईल अशी खोली मिळते.

कुटुंब कधी स्थिर नसते. मुले येतात, मोठी होऊन जातात, आईवडील राहायला येतात, कोणी घरातूनच व्यवसाय सुरू करते. भार वाहणाऱ्या भिंतींच्या घरात असा प्रत्येक बदल तोडफोडीने होतो, तर खणांच्या घरात भिंतीचे तक्ते उघडून दुसऱ्या खणात लावता येतात, आणि जाळी पुढे वाढवून एखादा खण जोडताही येतो. त्यामुळे आटोपशीर औद्योगिक घरासाठी खर्च करताना पहिला पैसा अचूक सांगाड्यावर, दुसरा उष्णता व आवाज अडवणाऱ्या थरांवर आणि तिसरा गंजरोधक लेपावर लावावा. फरशी, रंग आणि फर्निचर कुटुंबाच्या सवडीने मागाहून येऊ शकतात, परंतु हे तिन्ही एकदा राहिले की नंतर घालणे जवळजवळ अशक्य होते.